पहिल्या गोणीचा आकडा

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मी इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहायचे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुलगी दिवसभर खुर्चीत बसून करते तरी काय, हे कोडं वडिलांना काही सुटत नव्हतं. म्हणून आमचा पहिला काटा टोकावड्याच्या भातगिरणीत बसला, तेव्हा मी हट्टानं त्यांनाच भात घेऊन बोलावलं. माझं काम त्यांनी बघावं आणि मानावं, एवढंच मला हवं होतं.

पहिली गोणी चढली. पडद्यावर वजन आलं, शेजारी गोणीचा क्रमांक: एक. वडिलांनी गोणी सरळ खाली ओढली.

"पयल्या मापाला एक कोन म्हनतं गो? लाभ म्हनायचा. इसरलीस?"

खळ्यावर पायलीनं भात मोजताना बरकत यावी म्हणून लाभ, दोन, तीन असंच तर मी लहानपणापासून ऐकलं होतं. मागे उभे असलेलेही आपापल्या गोण्या घेऊन बाजूला सरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

'लाभ' पडद्यावर काढायचं तर चिपमध्ये जागा हवी, आणि चिप काठोकाठ भरलेली. लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला मी वेगाची सेटिंग दिली होती. त्यात प्रोग्राम पळावा म्हणून तो एकच काम जागोजागी उलगडून ठेवतो आणि जागा खातो. आकाराची सेटिंग दिली की सगळं घडी घालून बसवतो, पण काटा रेंगाळतो.

कारखान्याचे साहेब म्हणाले, "गिऱ्हाइकाला वेग दिसतो. लाभाचा स्टिकर चिकटवून टाका."

माझं डोकंच फिरलं. माझ्या बापाला स्टिकर दाखवू? मी आकार निवडला. अक्षरं जेमतेम मावली.

आईनं खूप मनधरणी केल्यावर वडील पुन्हा गिरणीत आले. गोणी चढली. आकडे हलत राहिले, ठरेनात. गिरणीवाला चुळबुळला, "स्लो झालाय काय, मॅडम?" मग कुठे पडद्यावर 'लाभ' उमटला.

वडिलांनी तो अक्षर अक्षर लावून वाचला. पायलीला करतात तसा काट्याला हात लावून कपाळाला नेला. हमाल घाईनं दुसरी गोणी टाकायला आला, तसा त्यांनी त्याला हातानंच अडवला.

"थांब रे जरा. माजी पोर मोजतेय."