बाकड्यावरच्या मॅडम

मेलेल्या माणसाच्या नातेवाइकाचं सोंग आमच्या मॅडमइतकं हुबेहूब वठवणारं माणूस नांदेडपासून लातूरपर्यंत दुसरं सापडणार नाही. त्या काही नाटकातल्या नव्हत्या. नांदेडच्या एका दवाखान्यात पोस्टमॉर्टेम करायच्या, आणि मी त्यांचे अहवाल टाइप करणारा कारकून. आल्या आल्या त्यांनी शवागाराबाहेर लिंबाखाली एक बाकडं आणि पाण्याचा रांजण ठेवला. 'बॉडी' म्हणायला बंदी घातली. गेलेल्याचं नाव घ्यायचं. इथवर ठीक होतं. पण अहवाल घरच्यांना कळेल असा सांगता यावा म्हणून त्या माझी तालीम घ्यायच्या. पांढरा कोट काढून, डोक्यावर पदर ओढून बाकड्यावर बसायच्या. "सांगा साहेब, माझ्या माणसाला काय झालं वो?" मी 'श्वसनमार्गात अवरोध' असलं काही सुरू केलं की, "न्हाई समजलं. मला शाळा न्हाई." एकदा तर गेलेल्याची धर्माबादची तापट बहीण होऊन त्या माझ्यावर अशा ओरडल्या, की नवा वॉचमन काठी घेऊन त्यांनाच हाकलायला धावला. मॅडम एवढ्या खूश झाल्या, की त्याला चहा पाजला. मला नाही.

त्याच सुमारास किनवटकडची एक बाई लेकीच्या अहवालासाठी दोनदा येऊन गेली. लेकीला शेतात साप चावला, असं आई म्हणायची. गाव म्हणायचं, फवारणीचं औषध पिऊन मेली. विषाच्या तपासणीचा कागद आला की मॅडम निकाल लिहिणार होत्या. कागद कधीच आला होता. मीच तो न बघता धर्माबादच्या गठ्ठ्यात बांधून टाकला होता. बाईला मात्र दोन्ही वेळा खिडकीतून, मान वर न करता, "आला नाही, पुढच्या आठवड्यात या," म्हणालो. शेवटी गठ्ठा सोडला मॅडमनीच. तेव्हा त्या मला जे बोलल्या ते इथं लिहीत नाही. शेवट एवढाच, "आता ती आली की तुम्हीच सांगायचं." आणि आठवडाभर त्या किनवटची आई होऊन मला पिळत राहिल्या.

सोमवारी चहा पिऊन येतो तर बाकड्यावर पदर. "साहेब, माझ्या लेकीचा कागद आला का वो?"

मी वैतागलो. "पुरे करा मॅडम! आज तर रडणं बी लई भारी जमून राहिलंय!"

"कुणाशी बोलताय?" मॅडमचा आवाज माझ्या पाठीमागून आला.

पदर बाजूला झाला. त्या बाईचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मॅडम बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मी मॅडमनी निकाल लिहून ठेवलेला अहवाल आणला आणि समोर जमिनीवरच बसलो. "मावशी, माफ करा. कागद आला होता, मीच भलतीकडं ठेवला. तुमच्या लेकीच्या घोट्यावर दाताच्या दोन खुणा होत्या. पोटात औषध न्हाई. सापच होता."

"आपल्या हातानं न्हाई ना केलं तिनं?"

"न्हाई, मावशी."

"कुठं लिवलंय ते? बोट ठेवा."

ठेवलं. तिनं त्या ओळीखाली नखानं रेघ ओढली, गावात दाखवताना चुकायला नको म्हणून.

पुढं मॅडमची बदली लातूरला झाली. तिथल्या कारकुनाची मला दया येते. माझे गठ्ठे आता जागच्या जागी असतात. बाकड्यावर कुणी पदर घेऊन बसलेली दिसली की मी उठून जातो, पाणी देतो, गेलेल्याचं नाव विचारतो. सांगून झालं तरी जरा थांबतो. वाटतं, आता पदराआडून आवाज येईल, "न्हाई समजलं, साहेब."