उभ्या उसातलं नेटवर्क

एखाद्या गावात नेटवर्क 'आहे' असं नेमकं कधी म्हणायचं? आठ महिने हेच काम करतेय आणि खरं सांगते... मला याचं उत्तर येत नाही.

परवा दौंड तालुक्यात, भीमेच्या काठच्या एका वस्तीवर गेले होते. आमच्या कंपनीकडे शिरूर-दौंड भागाचं एक प्लॅनिंग आहे... ॲम्ब्युलन्स, अग्निशमन आणि पोलीस यांच्यापुरतं वेगळं वायरलेस ब्रॉडबँड. हायवेवर अपघात झाला की गर्दी जमते, सगळे एकदम फोन काढतात आणि नेटवर्क बसतं. पेशंटचा ईसीजी मात्र त्याच वेळी डॉक्टरपर्यंत पोचायला हवा असतो.

टॉवर कुठे उभे करायचे हे ठरवण्याआधी सर्व्हे होतो. उंच जागी तात्पुरता ट्रान्समीटर लावायचा, गाडीच्या टपावर अँटेना बसवायची आणि रस्ते पालथे घालायचे. सिग्नल चांगला असेल तिथे नकाशावर हिरवा ठिपका.

मे महिन्यात मी कोरेगाव भीमापासून कुरकुंभपर्यंत फिरले. नकाशा हिरवागार निघाला, आणि रिपोर्टवर 'सर्व्हे' या शब्दापुढे माझं नाव छापून आलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं... आईने त्या पानाचा फोटो अख्ख्या भावकीला पाठवला.

परवाची भेट म्हणजे शेवटची औपचारिकता. तिथल्या ॲम्ब्युलन्सच्या लोकांनी आमचा हँडसेट वापरून बघायचा आणि फॉर्मवर सही करायची, एवढंच.

ड्रायव्हर आप्पांनी रस्त्यावर उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. चित्र स्वच्छ, मी खूश. आप्पा मात्र हँडसेट उलटासुलटा करून बघत म्हणाले, "ताई, रस्त्यावर तर माझा साधा मोबाईल बी चालतोय. पेशंट काय रस्त्यावर येऊन पडतोय व्हय?"

मग ॲम्ब्युलन्सवरच्या डॉक्टर मॅडम हँडसेट घेऊन शेजारच्या उसात शिरल्या. डोक्याच्याही वर दोन हात गेलेला ऊस, पावसाने निथळत होता. पन्नास-साठ पावलांवर चित्र थिजलं... आणखी थोडं आत गेल्यावर आवाजही गेला.

आप्पा गाडीत चढले आणि हॉर्न वाजवू लागले. थांबून पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. मला वाटलं, चिडले; तसं विचारलंही.

"चिडू कशाला? उसात दिशा कळत न्हाई. म्याडम पेशंटकडं गेल्या की मी हितं हॉर्न देत बसतो, आवाजाच्या रोखानं बाहेर येत्यात." मग गालातल्या गालात हसले. "आमचं हेच ब्रॉडबँड!"

मॅडम बाहेर आल्या तेव्हा हातांवर पाचटाचे ओरखडे होते. त्यांच्यापाठोपाठ, हॉर्न ऐकून, वस्तीवरच्या एक मावशी बांधावर आल्या. आल्या आल्याच म्हणाल्या, "काय ओ म्याडम, आज कुणाला टाकून आला?"

मॅडम हसल्या... पण लगेच खाली बघू लागल्या. मग त्यांनीच सांगितलं. गेल्या वर्षी याच रानात, उभ्या उसात गवत कापताना मावशींना साप चावला होता. स्ट्रेचर उचलायला माणसं गोळा होईपर्यंत मॅडमनी आतच उपचार सुरू केले. पुढचं इंजेक्शन द्यायचं का, हे मोठ्या डॉक्टरांना विचारायचं होतं आणि आत फोन लागेना. दोन वेळा पेशंटला एकटं ठेवून त्या रस्त्यावर धावत आल्या, बोलल्या, परत आत गेल्या.

"आता सांगत्यात फोन कराया गेलते म्हणून," मावशी हसतच मला म्हणाल्या. "तवा मला काय ठावं? मला वाटलं, हिचं काय खरं न्हाई म्हणून सोडून गेल्या. वर बघत पडले व्हते... नुसती पानंच पानं."

मी माझा नकाशा उघडला. या रानाशेजारी सगळे हिरवे ठिपके होते.

मे महिन्यात इथली तोडणी होऊन गेली होती. खोडव्याचा नवा फुटवा जेमतेम गुडघ्याएवढा होता. मी उसाच्याच तालुक्यात वाढलेली मुलगी... आणि मोकळ्या रानाशेजारून, तेही गाडीच्या टपावरून, नेटवर्क मोजून आले. मावशींचा टोमणा मॅडमना होता, पण तो बरोबर माझ्यापाशी येऊन थांबला.

तिथूनच ऑफिसात आमच्या सरांना फोन केला. सर वाईट नाहीत. म्हणाले, "सर्व्हे रस्त्यावरूनच करायची पद्धत आहे, तुझी चूक नाही. आता बदललं तर मंजुरी लांबेल... आणि तुझं प्रोबेशन चालू आहे. पुढच्या टप्प्यात बघू." पण टॉवर एकदा उभा राहिला की तो हलत नाही, हे मला सरांनीच शिकवलंय.

काल दिवसभर हँडसेट घेऊन मी उसातून पायी फिरले. मावशी पुढे उसाच्या ओळींमधली सरी दाखवत होत्या, मी मागून आकडे टिपत होते. "शिकलेली पोर उसात कशाला आली," असं शेजारच्या रानातून कुणीतरी ओरडलं, तर मावशी म्हणाल्या, "म्याडमच्या फोनला वाट काढाया!" संध्याकाळी बघितलं तर बहुतेक ठिपके लाल होते.

मावशी, तुम्ही फेसबुकवर नाही, पण तुमचे आभार मला सगळ्यांसमोरच मानायचे होते. तुम्ही ते हसत सांगितलंत, म्हणून मला ऐकून घेता आलं.

आज सकाळी नऊ वाजता रिपोर्ट मागे घेत असल्याचा मेल सगळ्यांना पाठवला, नवे आकडे जोडून. कारण लिहिलं... 'मोजणी ऊस तुटल्यानंतर आणि गाडीवरून केली. चूक माझी.' खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.