दाजींचा भागाकार

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेडमध्ये पिल्लांना पाणी ठेवत होते. अक्का, माझी थोरली बहीण, एवढंच म्हणाली, "तुझे दाजी गेले गं..." मला आधी त्यांचा रागच आला. आजारी आहे म्हणून एका शब्दानं सांगितलं नव्हतं या माणसानं.

दाजी नांदेडला वायरमनचं काम शिकणाऱ्या पोरांना शिकवायचे. जेवायला बसले तरी पंख्याकडं बघून विचारायचे, "हा किती करंट खाऊन राहिला?" आम्ही बहिणी तोंडाला पदर लावून हसायचो. हसा म्हणायचे अन् आमटी ओरपायचे.

माझा नवरा गेल्यावर शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात मी कोंबड्यांचं शेड चालवायला घेतलं. पहिल्याच थंडीत पिल्लं मरू लागली. हीटर लातूरहून आणलेला, खोक्यावर हजार वॅट छापलेलं, तरी ऊब म्हणून नाही. दिरानं बजावून ठेवलं होतं, ही खेप गेली की शेड बंद. शेड गेलं तर मला त्याच्याच दारात हात पसरावा लागणार होता. आता आमच्याकडं कुठली वस्तू चालली नाही की दुकानदार चोर, हे ठरलेलंच. मी हीटर पिशवीत घालून भांडायला निघालेच होते, तेवढ्यात दाजी आले. हीटर परत लावायला लावला अन् आपला मीटर माझ्याच हातात दिला.

"दाजी, इथं पिल्लं मरून राहिली अन् तुम्ही शाळा घेऊन राहिले?"

"हाव. बघ, किती दावतंय."

व्होल्टेज एकशे साठ. करंट तीन अँपिअर. "गुणाकार कर," म्हणाले. चारशे ऐंशी वॅट. हजाराच्या निम्मेसुद्धा नाहीत. मी म्हटलं, बघा, चोरच आहे तो. "आता भागाकार कर." एकशे साठ भागिले तीन... त्रेपन्न ओहम, हा त्या हीटरच्या तारेचा रोध.

"हजाराच्या हीटरचा रोध एवढाच असतो. याला दोनशे तीस व्होल्ट दे, हजार वॅट देईल. दुकानदार चोर न्हाई, तुझ्या गावची वीजच अर्धपोटी हाय."

दुसरा हीटर आणू का विचारलं, तर म्हणाले, जास्त करंट ओढला की व्होल्टेज अजून पडंल. ऊब जेवढी, तेवढीच जागा ठेव. मग आम्ही पत्र्यांचं छोटं रिंगण केलं, वरून पोती सोडली. बरीच पिल्लं वाचली, शेडही राहिलं.

पण माणूस लई हट्टी. पुढं कधी फोन केला तर सरळ उत्तर द्यायचे नाहीत. "तुझं काय आलं?" म्हणायचे, अन् माझं चुकलं की नुसते गप्प... फोन फेकून द्यावासा वाटायचा.

त्यांचे दिवस करून परतले तर इकडं थंडी वाढलेली. परवा संध्याकाळी व्होल्टेज एकशे पन्नासवर आलं. मीच मोजलं, मीच हिशेब केला, रिंगण आणखी आवळलं. थंडी वाजली की पिल्लं हीटरखाली एकमेकांवर चढतात. सकाळी पोतं उचललं तर सगळी पांगून निवांत पडलेली. लई आनंद झाला, अन् हे आता सांगायचं कुणाला, म्हणून जीव कासावीस झाला. शेवटी अक्काला फोन लावला.

"सगळी जगली गं."

"मला त्यातलं काही कळत न्हाई," अक्का म्हणाली. "पण त्यांना सांगायचीस तसं सगळं सांग."

मी तिला व्होल्टेज सांगितलं, करंट सांगितला, वॅट सांगितले. ती ऐकत राहिली.