बांगडीच्या वर्तुळाचा मध्य

मुलीला इंग्रजी शाळेत घालायचे असेल तर आईवडिलांनाही मुलाखत द्यावी लागते, हे मला ती बालवर्गाच्या वयाची झाली तेव्हा कळले. नव्वदचे दशक संपत आले होते. आम्ही नाशिकच्या सिडकोत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. यजमान अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते. त्यांचे इंग्रजी मालाच्या ट्रकसारखे. खड्डा आला तरी थांबायचे नाही. मी गणितात एम.एस्सी. केलेली. जाडजूड इंग्रजी पुस्तके वाचून परीक्षा दिलेल्या, पण कुणी इंग्रजीत साधी चौकशी केली तरी मी उत्तराऐवजी हसत असे.

त्या शाळेसाठी मी जीव टाकत होते, त्यामागे एकच कारण होते. मुलगी माझ्यावर गेली होती. घरात अखंड बडबड, आणि दारात परका माणूस दिसला की माझ्या पदराआड. नामपूरच्या मराठी शाळेतून नाशिकच्या कॉलेजात आले तेव्हा मीही अशीच झाले होते. फळ्यावरच्या उदाहरणाचे उत्तर मनात तयार असायचे, पण ते इंग्रजीत उच्चारायचे म्हणून हात वर जात नसे. मुलीने तसे मुके राहू नये, एवढेच मला हवे होते. त्यासाठी आधी मला बोलावे लागणार होते.

म्हणून मी पस्तिशीला टेकलेली असताना इंग्रजी संभाषणाचा क्लास लावला. साड्यांच्या दुकानावरची एक खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि टाय बांधलेले सर. आमच्यातले बहुतेक जण त्याच शाळेच्या मुलाखतीसाठी आलेले पालक होते. सरांनी आयुष्याचे विषयवार धडे पाडले होते: आपले कुटुंब, हवामान, प्रवास. सर्वांत महत्त्वाचा धडा छंदांचा.

"हॉबीवर अडलात की संपलं," सर म्हणत. "तिथं ते तुम्हाला मोकळं बोलायला लावतात. मोकळं बोलताना माणूस चुकतो. म्हणून मोकळं बोलायचं ते आधी पाठ करायचं."

मग ते सावकाश म्हणत, आणि आम्ही त्यांच्यामागून. माय हॉबीज आर रीडिंग, गार्डनिंग अँड लिसनिंग टू लाइट म्युझिक.

"सर, पण आमच्याकडं बाग नाही," एकदा मी धीर करून विचारले.

"मॅडम, घर बघायला येणारेत का ते? इंटरव्ह्यूत खरं नाही, बरं सांगायचं."

सगळे हसले. मीही हसले. परंतु घरी जाताना रिक्षात मी त्या छंदाच्या प्रश्नाचाच विचार करत होते. मराठीत हा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवेना. लग्नाआधी मला पाहायला आलेल्या मंडळींनी स्वयंपाक येतो का, शिवण येते का, हे विचारले होते. मला काय येते हे सर्वांना हवे होते. मला काय आवडते, याची गरज कुणालाच पडली नव्हती, आणि खरे तर मलाही पडली नव्हती.

आवडत तर होते. पण त्याला छंद म्हणावे की खोड, हे मला ठरवता येत नव्हते. मला भूमिती आवडत असे. लहानपणी घरात कंपासपेटी एकच होती आणि ती थोरल्या भावाची. मी हातातली काचेची बांगडी काढून पाटीवर ठेवायची आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. वर्तुळ फार सुरेख येई. पण कंपासने काढलेल्या वर्तुळाला टोचल्याची खूण असते, तशी या वर्तुळाला नसे. त्याला मध्यच नसे. तो मध्य शोधण्यात माझ्या दुपारच्या दुपारी गेल्या. आई आत येऊन विचारी, "काय करी ऱ्हायनी व माय?" आणि माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नसे. पुढे लग्न झाले, तरी ती सवय सुटली नाही. पोळ्या लाटताना, रॉकेलच्या रांगेत, दूध वर येण्याची वाट पाहताना मी मनात रेघा ओढत असे. हे कुणाला सांगावे, असे मला कधी वाटले नाही. एवढ्याशा गोष्टीला सांगण्याजोगे म्हणण्याची मला लाज वाटे.

मुलाखतीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात बाकांवर आम्ही पालक ओळीने बसलो होतो. आमच्या आधीचे जोडपे क्लासमधलेच. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. आतून स्पष्ट ऐकू आले: रीडिंग, गार्डनिंग अँड लिसनिंग टू लाइट म्युझिक. त्यांच्याही आधीच्या जोडप्याने तेच म्हटले होते, त्याच चालीवर, 'अँड'पाशी तोच श्वास घेऊन.

यजमान माझ्या कानाशी वाकले. "अगं, हे काय चाललंय? आरती आहे का ही?"

"तुम्ही वेगळं काही सांगा ना."

"आता ऐन वेळी वेगळी हॉबी कुठून आणू?"

तेवढ्यात आमचे नाव पुकारले गेले.

बाई वयस्क होत्या. कडक इस्त्रीची साडी, साखळी लावलेला चष्मा. त्यांनी आधी मुलीला विचारले, केळ्याचा रंग कोणता. मुलीला रंग इंग्रजीत पाठ होते. आदल्या दिवशी तिने घरातल्या डब्यांना ते ऐकवले होते. तिने माझा पदर तोंडावर ओढून घेतला. बाईंनी फुगा दाखवला, मांजराचे चित्र दाखवले. पदर हलला नाही. बाईंनी कागदावर काहीतरी टिपले.

यजमानांना प्रश्न विचारून झाले. मग बाईंनी माझ्याकडे पाहून छंद विचारले. मी सुरुवात केली. रीडिंग झाले. गार्डनिंग म्हटले, आणि त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"आज सगळ्यांच्याच बागा आहेत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुम्ही काय लावता?"

सरांनी याचे उत्तर दिले नव्हते. मखमलाबादच्या मळ्यांतून रोज भाजी घेऊन येणारी एक मावशी आमच्या दारावर येत असे. तिच्या टोपलीतल्या साऱ्या भाज्या मला आठवल्या, पण एकीचेही इंग्रजी नाव आठवेना. यजमान तोंड उघडणार, तोच मी म्हणाले, "नथिंग, मॅडम. थर्ड फ्लोअर."

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. बाग नाही म्हटल्यावर पुढचे बोलणे सोपे वाटले. "आय लाइक जॉमेट्री," मी म्हणाले.

बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. म्हणजे नेमके काय करता, असे त्यांनी विचारले. मला वाक्य जुळेना. मी त्यांच्या टेबलावरचा पातळ कागद मागितला आणि हातातली एक बांगडी काढली. सवाष्णीने अशी चारचौघांत बांगडी उतरवू नये. यजमानांची नजर मला जाणवली. मी कागदावर बांगडी ठेवून वर्तुळ काढले. "नो सेंटर," मी म्हणाले. मग कागद खिडकीच्या उजेडासमोर धरला, वर्तुळाची एक कड दुसऱ्या कडेवर बरोबर बसेल असा दुमडला आणि नखाने घडी पक्की केली. उघडून पुन्हा दुमडला, पण वेगळ्या दिशेने. कागद उलगडला तेव्हा दोन घड्या एका ठिकाणी एकमेकींना छेदत होत्या. मी तिथे बोट ठेवले. "फोल्ड. अगेन फोल्ड. सेंटर." त्याहून जास्त शब्द लागलेच नाहीत.

बाई काही बोलायच्या आत मुलीच्या तोंडावरचा माझा पदर खाली आला. "मला दे," ती म्हणाली. तिने बांगडी कागदाच्या कोऱ्या बाजूवर थापली आणि बाईंच्या पुढ्यातली पेन्सिल न विचारता उचलली.

बाईंनी पेन्सिल परत मागितली नाही. मुलीचे वर्तुळ वेडेवाकडे झाले. "बांगडी सरकली," ती बाईंकडे पाहून म्हणाली, चक्क तक्रारीच्या सुरात.

"मग धरून ठेवायची," बाई म्हणाल्या. इतका वेळ त्यांना मराठी येते हे आम्हाला ठाऊक नव्हते.

यादी लागली, तेव्हा तीत मुलीचे नाव होते. ते कशामुळे आले, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. यजमान कितीतरी दिवस म्हणत होते, "माझं इंग्रजी ऐकूनच दिलं गं त्यांनी." मी त्यांना विरोध केला नाही.

गोष्ट मात्र क्लासपर्यंत पोहोचली. पुढच्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या वहिनी त्याच शाळेसाठी त्याच क्लासला जाऊ लागल्या. एक दिवस त्या उसनी नेलेली वाटीभर साखर परत द्यायला आल्या. पण साखर हे निमित्त होते.

"सरांनी हॉबी बदललीय," त्या म्हणाल्या. "रीडिंग, जॉमेट्री अँड लाइट म्युझिक. सगळ्यांनी एक-एक बांगडी घेऊन यायला सांगितलंय. पुरुषांनीसुद्धा. ताई, तुमचं ते वर्तुळाचं मला एकदा दाखवा ना."

आम्ही दोघी खूप हसलो. मग मी कागद घेतला, घडी घालायला लागले आणि थांबले.

"दाखवते. पण वहिनी, तुम्हाला स्वतःला काय आवडतं?"

"आवडतं म्हणजे?"

"काही काम नसताना."

"काम नसतं कधी?" त्या म्हणाल्या, आणि साखरेच्या वाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. हा प्रश्न पहिल्यांदा ऐकल्यावर काय होते, ते मला ठाऊक होते. शेवटी खिडकीकडे पाहत, काहीशा संकोचाने त्या म्हणाल्या, "मला ना, एस.टी.त खिडकीशी बसायला आवडतं. माहेरी सुरगाण्याला जाताना घाट लागतो. उतरायचं ठिकाण येऊच नये असं वाटतं. पण ही काय हॉबी झाली?"

मी अर्धवट दुमडलेला कागद बाजूला ठेवला. खिडकीला 'विंडो' म्हणतात, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते. तिथून पुढचे वाक्य आम्ही दोघींनी मिळून जुळवायला घेतले.