व्याह्यांची चाकावरची न्हाणी

ज्या न्हाणीत कुणीही कधी अंघोळ केलेली नव्हती ती रोज सकाळी तासभर घासणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. मी पडलो मुलीचा बाप. जावयाच्या वडिलांना तोंडावर हसायची सोय नाही. त्यामुळे दीड वर्ष पोटात साठवलेलं हसू आज इथे मोकळं करतो आहे; त्यांच्या कानावर गेलंच, तर माझ्या लेकीने सांभाळून घ्यावं.

व्याही अर्नाळ्याचे. बाप तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, दोन्ही भाऊ तांडेल, चुलतेही तांडेल, आणि यांना मात्र बोट लागते. भर समुद्रात ती कुणालाही लागेल. यांना ती किनाऱ्याला बांधलेली असतानाच लागायची. शेवटी बापाने हात टेकले आणि पोराला वालीवच्या एका कारखान्यात फायबरचे टब आणि बेसिनं बनवायच्या कामाला चिकटवलं. तिथे त्यांनी चाळीस वर्षं काढली आणि होडीकडे फिरवलेली पाठ पुन्हा वळवली नाही. टब ज्या साच्यात बनतो त्या साच्याला आधी मेण लावून घासावं लागतं, इतकं की त्यात आपला चेहरा दिसला पाहिजे, म्हणजे माल अलगद सुटून येतो. हे काम त्यांच्याइतकं त्या कारखान्यात कुणालाच जमत नसे, असं तेच सांगतात. एकूण काय, तर चमक हाच त्यांचा देव. साखरपुड्याच्या दिवशी बाकीची मंडळी साड्या-दागिने बघत असताना हे पाहुणे अर्धा तास गायब झाले होते. सापडले ते आमच्या बाथरूममध्ये, बाह्या सरसावून. "शॉवरची भोकं बुजली होती व्याहीबुवा, टँकरचं पाणी दिसतंय. शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवून टाचणीने मोकळी केलीत," असं त्यांनी भर पंगतीत जाहीर केलं. आमच्या सौ.च्या हातातलं जिलबीचं ताट तिथल्या तिथे थांबलं. आजही घरात व्याह्यांचा विषय निघाला की ती आधी जाऊन बाथरूमची फरशी पाहून येते.

विहीणबाई म्हणजे दुसरं टोक. तीस वर्षं मासळी विकलेली बाई, आवाज असा की बोळिंजच्या नाक्यावर हाक मारली तर आमच्या सोसायटीतली मांजरं गॅलरीत यावीत. पण तीन वर्षांपूर्वी देवदर्शनाला गेल्या असताना लॉजच्या शेवाळलेल्या मोरीत त्यांचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, हातात काठी आली, आणि त्या दिवसापासून त्यांनी मनाशी एकच गाठ मारून ठेवली: "परक्याच्या मोरीत मी आता पाय ठेवनार नाय." परक्याच्या म्हणजे सगळ्यांच्याच. आमच्याकडे आल्या तरी अंघोळ अर्नाळ्याला परत जाऊनच. पुढे नात झाली, ती आमच्याकडे बोळिंजला. तीन महिन्यांनी आई-बापाबरोबर त्यांच्या घरी कोल्हापूरला गेली, आणि विहीणबाईंना उरली मोबाईलवरची नात. पोरं सुटी मिळेल तशी तिला घेऊन यायची, पण ती आजीला ओळखायला लागली की परत निघायची वेळ झालेली असायची. कोल्हापूरला जायचं म्हणजे मुक्काम आला, मुक्काम म्हणजे मोरी आली. विहीणबाई पदराने मोबाईलची काच पुसत आणि म्हणत, "राहू दे. हितूनच बघते."

हे ऐकून व्याह्यांनी काय करावं? त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली. बाकं उपसली, दोन पलंग बसवले, टपावर पाण्याची टाकी चढवली आणि मागच्या दाराशी पांढऱ्या शुभ्र फायबरची अडीच बाय अडीच फुटांची न्हाणी उभी केली. एकसंध, कुठे सांधा म्हणून नाही, कारण सांध्यात बुरशी धरते. धरायला दोन बाजूंना दांड्या, बसायला फळी, डोक्यावर शॉवर. "हिची मोरी हिच्याबरोबर येईल. मग परकी कशी?" असा त्यांचा बिनतोड हिशेब होता. विहीणबाईंनी काठी टेकत येऊन बाहेरूनच ती पाहिली, म्हणाल्या, "बघू," आणि घरात गेल्या.

त्या 'बघू'वर व्याह्यांनी दीड वर्ष काढलं. रोज सकाळी सातला ते बसच्या मागच्या दाराच्या पायरीवर गुडघे टेकत आणि अर्धं अंग आत घालून न्हाणी घासत. आत पाऊल मात्र ठेवत नसत. "पहिलं पाऊल तिचं," असा नियम. तारेची घासणी वर्ज्य, ओरखडे पडतात. ॲसिडचं तर नावही काढायचं नाही, फायबर पिवळं होतं. आपल्या जुन्या बनियनचे तुकडे, दात घासायचा निवृत्त ब्रश, पातळ केलेला शिरका, शेवटी काचा पुसायचा रबरी वायपर. वापरच नाही तर घाण येते कुठून, असं मी एकदा चाचरत विचारलं. "धुतल्यावर पाण्याचे डाग पडतात ना," ते म्हणाले. मग ते डाग घालवायला पुन्हा धुवायचं. आणि रविवारी, चाळीस वर्षांच्या सवयीने, साच्याला लावतात तेच मेण सगळीकडून चोळायचं, तळालासुद्धा. इथे कुणाच्याही लक्षात एक गोष्ट यावी. ती त्यांच्या आली नाही, आणि माझ्याही नाही.

लक्षात आली ती माझ्या पार्श्वभागाच्या. नातीचा दुसरा वाढदिवस महिन्यावर आला होता, म्हणून मी बोलणी करायला अर्नाळ्याला गेलो होतो. रविवार होता. विहीणबाई अंगणात खुर्चीवर बसून कोळंबी सोलत होत्या. व्याही शिरक्याची बाटली आणायला घरात गेले, आणि वरचा शॉवर नीट बघावा म्हणून मी मूर्खासारखा त्या ओल्या न्हाणीत पाय ठेवला. पुढचं मला नीट आठवत नाही. दांडी हाताला लागायच्या आत मी सुटलो. व्याह्यांच्या साच्यातून माल सुटत असे तसाच, अगदी अलगद. मी आत बसलेलो, पाय दाराबाहेर, आणि एक चप्पल अंगणातल्या केळीत.

विहीणबाई इतक्या हसल्या की कोळंबीचं ताट लवंडलं. मग एकदम थांबल्या. "म्हंजे मी पन अशीच पडली असते," एवढंच म्हणाल्या आणि काठी घेऊन आत गेल्या.

व्याही दारात बाटली घेऊन उभे होते. नियम मोडला म्हणून ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते वाकले, तळावरून बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. जिला पडू द्यायचं नाही म्हणून जन्मभराची कला ओतली, तिच्याच पायाखाली त्यांनी दर रविवारी मेण लावलं होतं. मला त्यांची मनापासून दया आली. त्यानंतर आठ दिवस ती न्हाणी कुणी घासली नाही, असं जावयाने फोनवर सांगितलं. आमच्या घरात हे वृत्त कुणी गेल्यासारखं ऐकलं गेलं.

नवव्या दिवशी व्याह्यांनी बस विकायला काढली. मी धावत गेलो, कारण त्या सगळ्याच्या मुळाशी माझाच पाय होता. पाहतो तर विहीणबाई बसच्या दाराशी उभ्या, पायाजवळ चाळलेल्या रेतीचं घमेलं.

"आमच्या भावाच्या होडीला फायबर मारला तवा वरून रेती टाकलेली," त्या नवऱ्याला सांगत होत्या. "पानी पडो, मासली पडो, पाय हलत नाय. इकता कोनाला? पालिश काढा नि रेती टाका."

"हे तू आधी का नाही बोललीस?"

"तुमी कवा विचारलंत? नि तुमी मेन लावता हे मना काय ठाव? मना वाटलं, साबन लावता."

चाळीस वर्षं चमक देण्यात गेलेल्या माणसाने हातात पॉलिश पेपर घेतला. पहिला हात मारताना त्यांनी डोळे मिटले, हे मी पाहिलं. आरशासारखी चमक गेली, पांढरी पूड उडाली, तळ पार खरबरीत झाला. मग रेती धरून ठेवायला चिकट रेझिनचा हात दिला आणि विहीणबाईंनी, सारवलेल्या अंगणात रांगोळी घालावी तशी, चिमटी-चिमटीने रेती टाकली. सुकल्यावर काठी बाहेर ठेवून त्यांनी दांडी धरली आणि कोरड्या न्हाणीत आपला पाय ठेवला. मग दुसरा. जरा दाबून पाहिला. "चला कोल्हापूरला," म्हणाल्या.

आम्ही चौघेही त्याच बसने गेलो. रात्री मुलीच्या घरी जेवलो, झोपलो, आणि सकाळी मी खाली पार्किंगमध्ये आलो तेव्हा बसमधून पाण्याचा आवाज येत होता. बाहेर व्याही दाराकडे पाठ करून पहारा देत होते. वॉचमन हात जोडून लांब उभा होता. आत देवाची मूर्ती आहे असं त्याला वाटलं असावं. थोड्या वेळाने विहीणबाई ओले केस टॉवेलात गुंडाळून उतरल्या आणि सौ.च्या हाताला धरून लिफ्टने वर गेल्या. वर नात त्यांच्या मांडीवर चढून बसलीसुद्धा, असं आमच्या सौ.ने गॅलरीतून ओरडून सांगितलं.

व्याही नेहमीसारखे गुडघे टेकून, अर्धं अंग आत घालून बसले होते. खांद्यावर बनियनचा तुकडा तसाच. बराच वेळ झाला तरी घासण्याचा आवाज येईना. मी जवळ गेलो.

"काय हो, तुंबली?"

"तुंबली नाही. हे बघा." त्यांनी जरा सरकून मला जागा दिली. रेतीच्या खरबरीत तळावर साबणाचा फेस रेंगाळला होता, आणि पाणी जायच्या जाळीत एक लांब पांढरा केस अडकला होता. दीड वर्षात त्या न्हाणीत पहिल्यांदाच घाण झाली होती.

"काढायचा नाही?" मी विचारलं.

"काढतो की," ते म्हणाले. "घाई काय आहे?"