तारांवरच्या चिठ्ठ्या

भंगारवाल्याकडून मी एका जुन्या प्रशिक्षण विमानाचं तोंड विकत आणलं, तेव्हा उरणच्या आमच्या आळीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पंख नाहीत, धड नाही; नुसती वैमानिकाची केबिन, दोन खुर्च्या आणि घड्याळं काढून नेलेली भोकं. लाल आणि हिरवा मला वेगळे दिसत नाहीत, म्हणून तरुणपणी डॉक्टरांनी मला वैमानिक होण्याआधीच घरचा रस्ता दाखवला होता. मग वीस वर्षं घरचे ट्रेलर बंदरात पाठवत बसलो. आता संगणक जोडून, समोर पडदा लावून अंगणातच उडायचं, हे खूळ डोक्यात शिरलं.

रंग न कळणाऱ्या माणसाने शेकडो रंगीत तारा जोडायला घेणं हा शुद्ध आगाऊपणा होता. तो बायकोने निभावून नेला. शेजारच्या खुर्चीत बसून ती म्हणायची, "अहो, ती हिरवी. लाल समजून काय ओढताय?" शेवटी वैतागून तिने प्रत्येक तारेला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. रंग कोणता, तार कुठे जाणार, सगळं निळ्या शाईत लिहिलं. निम्मं काम झालं आणि तिला कावीळ झाली. तीन आठवड्यांत ती गेली.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी केबिनमध्ये बसायचो. चिठ्ठी वाचायची, तार जोडायची. खरं सांगतो, दिवसातला तेवढाच वेळ मला जगावंसं वाटायचं.

बाबांना हे कधी पटलं नाही. जन्मभर ट्रेलर चालवलेला माणूस. जागची न हलणारी गाडी त्यांच्या हिशेबी गाडीच नव्हती.

गेल्या दसऱ्याला मी झेंडू आणायला बाजारात गेलो होतो. आमच्याकडे त्या दिवशी गाडी आतून-बाहेरून धुतात, केबिनमध्येही पाइप सोडतात. परतलो तर ट्रेलर धुऊन झाले होते आणि बाबा विमानाला हळदकुंकू लावत होते. आतून पाणी ठिबकत होतं.

"तुजी गाडी हाय," बाबा म्हणाले. "दसऱ्याला अशी धुलीत ठेवाची न्हाय."

संगणक दुसरा मिळाला असता. पण तारांवर भिजका लगदा लोंबत होता. सुटलेल्या चिठ्ठ्या बाबांनी कठड्यावर वाळत घातल्या होत्या, उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर खडा ठेवून. मी एकेक उचलून उन्हात धरली. निळा डाग, बाकी काही नाही. असा संताप आला की बापाच्या अंगावर धावून जावं. ते लेंगा पिळत उभे होते.

"माज्यामुले बिघारली का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

"मंग कलर मी सांगतो, तू तार जोर." ते शेजारच्या खुर्चीत चढून बसले आणि एक तार हातात घेऊन म्हणाले, "ही लाल." त्यांना दिसत होतं. रंग सांगायला तर आळीतलं कोणीही आलं असतं. मला तिचं अक्षर हवं होतं, आणि ते या घरात आता दुसरीकडे कुठेही नव्हतं. मी फुलं ट्रेलरवर ठेवली आणि घरात गेलो.

मी आता तिथे बसत नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला. बाबांनीच त्याला परत पाठवलं. दर रविवारी ते केबिन कोरड्या फडक्याने पुसतात. त्यांना वाटतं, मी अजून ती पूर्ण करणार आहे.