भांगवाल्याचा सवाल

जयेंद्रगंजात परवान्याचं भांगेचं दुकान आहे. तिथला म्हातारा ओल्या बोटांनी गोळी वळतो आणि हातात देण्याआधी प्रत्येकाला विचारतो, “किसके लिए?” लोक चेष्टा करतात. तो विचारायचं सोडत नाही.

माझ्या नातीला मिरगीचे झटके यायचे. चालता चालता पडायची. पुढचे दात गेले, मग शाळा सुटली. तिचा बाप गेला तेव्हाही मी हातपाय गाळले नव्हते, आताही गाळणार नव्हते. शेजारीण म्हणाली, भांगेच्या झाडापासून झटक्यांचं औषध निघतं. ऐन शिवरात्रीला पोरीला घेऊन मी त्या दुकानाच्या रांगेत उभी राहिले.

मागून कुणी बोललं, “आज तो दादी भी चढ़ाएँगी!”

“किसके लिए?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“नातीसाठी. मिरगी आहे तिला.”

वळलेली गोळी त्यानं परातीत परत टाकली. “अम्मा, मुझे नशे का नाप आता है, दवा का नहीं.”

एवढी रांग सोडून त्यानं शटर ओढलं आणि आम्हा दोघींना टेम्पोनं सिटी सेंटरच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या झाडाचं औषधी तेल वेगळं, त्यानं नशा होत नाही, आणि चिठ्ठीवर ते कायद्यानं मिळतं. तिच्या आधीपासून चालू असलेल्या मिरगीच्या गोळ्यांसोबत तेही लिहून दिलं.

झटके पुरते गेले नाहीत, पण कमी झाले. पोरगी शाळेत जाते. काल तेलाची बाटली घेऊन आम्ही भांगेच्या दुकानावरून येत होतो. म्हाताऱ्यानं बसल्या जागेवरून विचारलं, “किसके लिए?”

मी तोंड उघडायच्या आत पोरगीच ठसक्यात म्हणाली, “मेरे लिए.”